पणजोबांची पलटण कशी शोधायची

‘आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले होते. त्यांची फाइल इथे असेल ना?’ पुण्याच्या पुराभिलेखागारात काम करणाऱ्यांच्या कानावर हा प्रश्न नेहमी पडतो. विचारणारा बहुतेक वेळा पुरंदर, खेड, जुन्नर किंवा भोरकडचा असतो. हातात एक फोटो, क्वचित एखादं मेडल, आणि घरात पिढ्यान् पिढ्या सांगितलेली एक गोष्ट. त्याला पहिल्यांदा हे सांगावं लागतं की फाइल इथे नाही, आणि का नाही ते समजलं तर पुढचे निम्मे हेलपाटे वाचतात.

१ एप्रिल १८९५ ही तारीख लक्षात ठेवायची. त्याआधी मुंबई, मद्रास आणि बंगाल या इलाख्यांची लष्करं वेगवेगळी होती. मुंबई लष्कराचा कारभार मुंबई सरकारचं लष्करी खातं बघायचं आणि त्याचे कागद आज मुंबईच्या पुराभिलेखागारात, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहेत. १८९५ ला तिन्ही लष्करं मोडून एकच हिंदी लष्कर झालं आणि सगळा पत्रव्यवहार कलकत्ता-सिमल्याकडे वळला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. एकट्या शिपायाचा वैयक्तिक कागद, म्हणजे शीट रोल, या दोन्हींपैकी कुठेच जात नसे. तो पलटणीच्या डेपोत राहायचा. त्यामुळे १९१४ ते १९१८ मधल्या साध्या शिपायाची ‘फाइल’ पुण्यात, मुंबईत किंवा दिल्लीत मागून मिळत नाही.

शीट रोलचं पुढे काय झालं, हेही ऐकून ठेवा. लष्कराच्या नियमावलीतल्या ५९५ क्रमांकाच्या परिच्छेदानुसार, पेन्शन न मिळालेल्या सैनिकाची सेवा-कागदपत्रं पटावरून त्याचं नाव कमी झाल्यावर २५ वर्षांनी नष्ट करतात. कायम ठेवायची असते ती लाँग रोलची नोंद: नंबर, नाव, भरतीची तारीख, नाव कमी झाल्याची तारीख आणि कारण. एवढी एक ओळ. महायुद्ध संपल्यावर लगेच घरी पाठवलेल्या हजारो लोकांना पेन्शन नव्हतीच, म्हणून त्यांचे कागद पहिले गेले. हे वाचून कुणी धीर सोडू नये. त्या माणसाची पलटण कुठे होती, कोणत्या दिवशी काय करत होती, कुठल्या बोटीने गेली, हे बहुतेक वेळा तारीखवार सापडतं. पण त्यासाठी तीन गोष्टी आधी पक्क्या हव्यात: शिपाई नंबर, पलटण आणि तेव्हाच्या तालुक्यासकट गाव. या तिन्ही घरात आणि गावातच मिळतात. दप्तरखान्यात जायचं ते त्यानंतर.

घरापासून सुरुवात करताना मेडल आधी बघा. पहिल्या महायुद्धात परदेशी गेलेल्या शिपायाला साधारण दोन मेडलं मिळत. एक चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल, ३६ मिलिमीटर व्यासाचं, एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं. दुसरं पिवळसर व्हिक्टरी मेडल, पंख असलेली देवता, मागे इंग्रजीत ‘संस्कृतीसाठी महायुद्ध १९१४–१९१९’ अशा अर्थाचा मजकूर. १९१५ संपायच्या आत रणांगणावर पोचलेल्याला शिवाय एक तारा. लोक मेडलचे दोन्ही चेहरे निरखतात, फोटो काढतात आणि डबीत ठेवून देतात. खरा मजकूर असतो कडेवर. मेडल उभं धरा, मोबाइलची बॅटरी कडेला जवळजवळ समांतर, अगदी तिरकी पाडा आणि हळूहळू फिरवा. आधी आकडे दिसतात, मग हुद्दा, मग नाव, शेवटी पलटण. सगळं ठसवलेल्या छोट्या इंग्रजी अक्षरांत. ताऱ्याला कड नसते, त्याचा मजकूर मागच्या सपाट बाजूवर असतो. अक्षरं झिजली असतील तर पातळ कागद कडेवर ताणून मऊ पेन्सिलीने घासा, न दिसणारा आकडाही उमटतो. मेडलला पितांबरी लावू नका. दसऱ्याला तांब्याच्या भांड्यांबरोबर दरवर्षी घासलेली मेडलं आम्ही पाहिली आहेत. त्यांची कड गुळगुळीत झालेली असते, आणि तो नंबर पुन्हा मिळायला मग सहसा दुसरी जागा नसते.

ब्रिटिश वॉर मेडल चांदीऐवजी काशाचं असेल तर माणूस लढाऊ शिपाई नसून पाणक्या, खेचरवाला, मजूर, आचारी अशा कामांवर गेला होता. घरच्यांना हे ऐकताना कधीकधी वाईट वाटतं. वाटू नये. बसऱ्यापासून वर नदीकाठाने पाणी, दाणागोटा आणि जखमी वाहणारे हेच लोक होते, आणि त्यांचे कागद शिपायांपेक्षाही कमी उरलेत, म्हणून ते काशाचं मेडल जास्त जपायला हवं.

कडेवरचा पलटणीचा उल्लेख फार आखूड असतो. ‘११० एमएलआय’ म्हणजे एकशे दहावी मराठा लाइट इन्फंट्री. ‘३ एस अँड एम’ म्हणजे थर्ड सॅपर्स अँड मायनर्स, अर्थात आपल्या खडकीचे बाँबे सॅपर्स, लष्करातले इंजिनियर. नंबर नेहमी पलटणीसकटच लिहून घ्या. त्या काळी प्रत्येक पलटण आपापल्या माणसांना स्वतंत्र क्रमांक देत असे. एकच नंबर एकशेतीनमध्ये एकाचा, एकशेसतरामध्ये दुसऱ्याचा असू शकतो. नुसता नंबर घेऊन शोधायला बसलेल्यांना भलत्याच माणसाचे कागद सापडलेत.

मेडल नसेल तर ट्रंका उघडा. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचं पुस्तक, मनिऑर्डरच्या पावत्या, फ्रेम केलेला गटफोटो. डिस्चार्जवर नंबर, हुद्दा, वडिलांचं नाव, जात, गाव-तालुका-जिल्हा, उंची, ओळखीची खूण, एकूण नोकरी आणि वर्तणुकीचा शेरा असतो. फोटो असेल तर खांद्यावरची पट्टी आणि पगडीवरची खूण मोठी करून स्कॅन करा, निदान ६०० डीपीआयला. फ्रेमच्या मागचा पुठ्ठा काढून बघायला विसरू नका, स्टुडिओचं नाव आणि गाव बहुतेक वेळा तिथेच असतं.

आता पलटणीची नावं. निम्मे लोक इथेच अडखळतात, कारण एकाच पलटणीची तीन-तीन नावं आहेत. १९०३ ला सगळ्या हिंदी लष्कराला सलग क्रमांक दिले, तेव्हा मुंबईकडच्या पलटणींच्या जुन्या आकड्यात शंभर मिळवले. पाचवी बाँबे झाली एकशेपाचवी, दहावी झाली एकशेदहावी, सतरावी झाली एकशेसतरावी. मग १९२२ ला पुन्हा फेररचना झाली आणि पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही मोठी रेजिमेंट उभी राहिली. तिच्यात १०३ वी झाली पहिली बटालियन, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी, आणि ११४ वी झाली दहावी, म्हणजे प्रशिक्षण बटालियन. घरात ‘आजोबा काळी पाचवीत होते’ एवढंच ठाऊक असेल तर ती जुनी पाचवी बाँबे, म्हणजे १०५ वी, म्हणजे आजची दुसरी मराठा. ‘जंगी पलटण’ म्हणत असतील तर १०३ वी, आजची पहिली मराठा. तिसरी बटालियन पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि आज ती दुसरी पॅरा आहे, तेव्हा तिच्या परंपरेचे कागद फक्त बेळगावला असतील असं धरून चालू नका.

पुणे-सातारा-रत्नागिरीचा प्रत्येक शिपाई मराठा पलटणीतच होता, असंही नाही. १०७ वी आणि १२८ वी पायोनियर (रस्ते-खंदकांचं काम करणाऱ्या लढाऊ पलटणी), ग्रेनेडियर्स, सॅपर्स, तोफखाना, खेचरांच्या ट्रान्सपोर्ट कोअर, सगळीकडे इकडची माणसं आहेत. १०७ वी पायोनियर १९१४ ला मीरत डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेली होती. पायोनियर पलटणी १९३३ ला मोडल्या, त्यामुळे त्यांचा आज वारस नाही. महार घराण्यांच्या बाबतीत वर्षं फार महत्त्वाची. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबई लष्करात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईतल्या मृतांमध्ये ‘नाक’ असा शेवट असलेली नावं कोरलेली आहेत, ती त्यांचीच. १८९० च्या दशकात त्यांची भरती बंद केली. ती पुन्हा उघडली १९१७ ला, १११ वी महार पलटण उभारली तेव्हा, आणि ती १९२१ ला मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली. मधल्या वर्षांत पणजोबा फौजेत होते असं घरात सांगत असतील तर ते बहुधा दुसऱ्या एखाद्या कोअरमध्ये होते. त्यांचा शोध महार रेजिमेंटच्या सागरच्या रेकॉर्ड ऑफिसात सुरू करण्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही.

माणूस युद्धात वारला असेल तर पुढचं पाऊल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची वेबसाइट. शोध फुकट आहे. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ एवढ्या काळातले मृत्यू त्यात येतात. आडनाव टाकून शोधू नका, हा आमचा पहिला सल्ला. बऱ्याच हिंदी शिपायांचं आडनाव नोंदलेलंच नाही, नुसतं नाव किंवा नाव आणि वडिलांचं नाव आहे. आडनाव असलं तरी कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलं: पवारांचे पोवार, शिंद्यांचे सिंदे, जाधवांचे जाधो, भोसल्यांचे भोन्सले. त्यापेक्षा आडनावाचा रकाना मोकळा ठेवा, ‘भारतीय’ फौज निवडा, युद्ध निवडा आणि जादा माहितीच्या रकान्यात तालुक्याचं नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगने टाका. तिथे ‘अमक्याचा मुलगा, राहणार वाल्हे, पुरंधर, पूना’ अशी ओळ सापडते. निकाल फाइल म्हणून उतरवून घेता येतो. तो पलटणीप्रमाणे लावा आणि मग डोळ्यांनी वाचत जा.

तालुके मात्र आजचे नकोत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुणे जिल्ह्यात आठ तालुके होते: जुन्नर, खेड, हवेली, मावळ, शिरूर, पुरंदर, भीमथडी आणि इंदापूर. आजची बारामती-दौंड शोधायची तर ‘भीमथडी’ टाकून बघा. भोर संस्थान होतं, तिथली माणसं पुणे जिल्ह्यात न दिसता ‘भोर स्टेट’खाली दिसतात. आणि गाव वडगाव असेल तर पाठीमागचा शब्द असल्याशिवाय पुढे जाऊ नका: मावळ, शेरी, बुद्रुक, निंबाळकर, सगळी वडगावं याच जिल्ह्यातली.

खडकीच्या वॉर सिमेटरीत जाऊन नाव शोधणारेही भेटतात, आणि रिकाम्या हाताने परततात. तिथल्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर अठराशेहून अधिक नावं आहेत, पण ती मुख्यतः हिंदुस्थानात सेवेत असताना वारलेल्या आणि जिथली कबर सांभाळणं शक्य नव्हतं अशा सैनिकांची. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात पडलेला आणि कबर माहीत नसलेला शिपाई बसरा स्मारकाच्या नोंदीत असतो. त्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक जणांचं स्मरण आहे, पण हिंदी अंमलदारांची नावं कोरली आणि साध्या शिपायांची फक्त नोंदवहीत ठेवली. म्हणजे स्मारकाचा फोटो मिळवूनही नाव दिसणार नाही, नोंदवहीची प्रतच बघावी लागते. ही वागणूक अन्यायाची होती आणि आता खुद्द कमिशननेही ते मान्य केलं आहे. फ्रान्समध्ये पडलेल्यांची नावं नव्ह शापेलच्या स्मारकावर कोरलेली आहेत, ते ७ ऑक्टोबर १९२७ ला उघडलं. सरहद्दीवर किंवा तिसऱ्या अफगाण युद्धात गेलेल्यांसाठी दिल्लीचं इंडिया गेट.

गावातलं काम याच सुमारास उरकावं. बऱ्याच गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली असते: या गावातून १९१४–१९१९ च्या महायुद्धात इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीची पाटी प्रसिद्ध आहे, पुणे जिल्ह्यातही अशा पाट्या आहेत. काही रंगाखाली गेल्यात, काहींवर नोटीसबोर्ड ठोकलाय. पाटीवर नावं नसतात, फक्त संख्या. पण गावातून एकच मेला असं लिहिलं असेल आणि कमिशनच्या यादीत त्या गावचा एकच माणूस दिसत असेल, तर जुळणी झाली. नातं सिद्ध करायला कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची जुनी वही लागते, जुनी असेल तर मोडीत, आणि ती तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मागावी लागते. परदेशी मेलेल्याचा मृत्यू कोतवाल बुकात सापडेल ही अपेक्षा ठेवू नका. त्यात शोधायचं ते मुलांचे जन्म, आणि फेरफारात वारस लागल्याची नोंद. ‘मयत’ शेऱ्याचं साल तिथून कळतं.

दुसऱ्या महायुद्धातला माणूस असेल तर काम बरंच सोपं आहे. राज्य सरकार दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मासिक मदत देतं. पणजीला ती मिळत असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिच्या नावाची फाइल असणार आणि तिच्यात डिस्चार्जची प्रत. आधी तिथे विचारा. नंबर मिळाला की रेकॉर्ड ऑफिस गाठायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला, ग्रेनेडियर्सचं जबलपूरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, खेचरवाल्यांचं आणि पुरवठ्याचं, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरचं (एएससी) बंगळूरला.

रेकॉर्ड ऑफिसला साधं पत्र लिहिता येतं, पण माहितीच्या अधिकारातला अर्ज बरा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि चुकीच्या कार्यालयात गेला तर तो ५ दिवसांत योग्य जागी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करा. ‘आमच्या पणजोबांची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर ‘नोंद आढळत नाही’ असं एका ओळीचं उत्तर येईल आणि त्यात कारकुनाचा दोष नसेल. तिथले रोल नंबरवारीने लावलेले आहेत, नावावरून माणूस शोधायची सोय नसते. अर्जात सुरुवातीला नंबर, हुद्दा, नाव दोन-तीन संभाव्य स्पेलिंगसह, वडिलांचं नाव, गाव-तालुका, भरतीचं अंदाजे वर्ष. मग नेमकी मागणी: लाँग रोलमधल्या नोंदीची साक्षांकित प्रत, शीट रोल उपलब्ध असल्यास त्याची प्रत, नष्ट झाला असल्यास नष्ट केल्याच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख, आणि लग्न-मुलं नोंदवणारे पार्ट टू ऑर्डर असल्यास तेही. नातं दाखवणारा कागद जोडा, नाहीतर खासगी माहिती म्हणून अडवतात. उत्तर अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. ‘नष्ट केलं’ हे लेखी उत्तरसुद्धा जपून ठेवा, शेवटी त्याचा उपयोग होतो.

पहिल्या महायुद्धातल्या शिपायांसाठी लाँग रोल हाती लागेलच असं नाही. दुसऱ्यासाठी शक्यता चांगली. पंजाबच्या वीस जिल्ह्यांचे भरती-रजिस्टर लाहोरच्या संग्रहालयात सापडले आणि लाखो नावं इंटरनेटवर आली, ते ऐकून लोक इकडचेही तसे कुठेतरी असतील म्हणून शोधतात. मुंबई इलाख्यासाठी असं काही समोर आलेलं नाही. त्या रजिस्टरांत पुण्याची माणसं शोधू नका.

मग पुण्याच्या पुराभिलेखागारात काय बघायचं? पूर्वज इंग्रजांच्या आधीचा असेल तर हीच जागा. इमारत १८९१ ची, आणि त्यात पेशवे दप्तर, इनाम कमिशनचे (इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजी कचेरीचे) कागद आणि इंग्रजी काळातला बराच महसुली व सरदार-जहागिरदारांचा पत्रव्यवहार आहे. कागद रुमालांत बांधलेले, जवळजवळ सगळे मोडीत. पेशवाईतला साधा स्वार किंवा पाइक नावानिशी भेटतो तो पथकाच्या हजेऱ्यांत आणि वाटणीच्या हिशेबात. म्हणून आधी पथक कुणाचं होतं हे ठरवा आणि त्या सरदाराच्या नावावर रुमाल मागा. लढाईत पडलेल्याच्या पोरांना बालपरवेशी म्हणून नेमणूक किंवा जमीन मिळत असे. ती असेल तर पुढे इनाम कमिशनने तिची चौकशी केली असणार, आणि त्या चौकशीत घराण्याची वंशावळ आणि जबान्या असतात. पेशवाईतल्या शिपाई पूर्वजाचा सगळ्यांत भरीव कागद बहुतेक वेळा इनाम कमिशनच्या रुमालातच निघतो. मागणी करताना तारीख शुहूर सनात, म्हणजे मराठी कागदांतल्या जुन्या कालगणनेत असेल तर इसवी सनासाठी त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा. वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून दोन आकडे. पानिपतचं ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१, अर्थात १७६०–६१.

कामाची रीत साधी आहे. ओळखपत्र आणि कशासाठी बघायचंय ते लिहिलेला अर्ज, मग याद्यांवरून रुमाल क्रमांक, मग मागणीचिठ्ठी. पेन बॅगेत, पेन्सिल हातात. रुमाल सोडताना कागदांचा क्रम लक्षात ठेवा आणि त्याच क्रमाने परत बांधा, कारण एका कागदाचा पुढचा मागचा संदर्भ त्या क्रमावरच असतो. प्रती हव्या असतील तर रुमाल आणि कागद क्रमांक जागच्या जागी टिपून घ्या. घरी येऊन ‘तो तिसरा पिवळा कागद’ आठवत नाही. मोडी येत नसेल तर वाचनकक्षात बसणाऱ्या जाणकाराला किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. वर्गही भरतात. आपल्या घराण्याच्या एका कागदासाठी मोडी शिकायला लागून पुढे त्यातच रमलेले बरेच लोक या शहरात आहेत.

१८९५ नंतरच्या शिपायासाठी पुण्या-मुंबईत मिळतो तो भोवतालचा कागद: भरतीबद्दल कलेक्टरांचा पत्रव्यवहार, सैनिकांच्या घरच्यांच्या अर्जांवरचे शेरे. मुंबईला मागणी खातं, वर्ष आणि व्हॉल्यूम किंवा कंपायलेशन क्रमांक यांवर होते, गावाच्या नावावर नाही. एक दिवस नुसत्या अनुक्रमणिका वाचण्यात घालवायचा असं ठरवूनच जा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ घरबसल्या बघता येतं. तिथे पलटणीचं नाव त्या काळच्या स्पेलिंगने, म्हणजे ‘मराठा’त जादा एच घालून आणि दोन टी लावून टाका, नाहीतर निम्म्या फाइली दिसतच नाहीत.

आणि शेवटी युद्धडायरी. पलटण रोज काय करत होती याची ही नोंद लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे. पहिल्या महायुद्धासाठी डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) ९५ ही मालिका, दुसऱ्यासाठी मध्यपूर्वेची १६९, इटलीची १७० आणि ब्रह्मदेशाची १७२. यातल्या पहिल्या महायुद्धाच्या बऱ्याच डायऱ्या स्कॅन होऊन इंटरनेटवर आहेत. त्यात शिपायाचं नाव मिळत नाही. गोऱ्या अंमलदाराचं नाव असतं, सुभेदार-जमादाराचं कधीकधी, बाकी सगळे ‘आयओआर’ या तीन अक्षरांत: हिंदी, इतर हुद्द्यांचे, इतके मेले, इतके जखमी. म्हणून डायरी वाचायची ती तारखेने. कमिशनच्या नोंदीतली मृत्यूची तारीख घ्या, डायरीतलं त्या दिवसाचं पान उघडा, आणि आधीचे दहा दिवस वाचा. जखमी होऊन इस्पितळात मेलेल्याची लढाई त्या दहा दिवसांतच कुठेतरी असते.

१०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होत्या. तेव्हा त्यांच्या शिपायांच्या घरच्यांनी चार तारखा हाताशी ठेवाव्यात: एप्रिल १९१५ ची शैबाची लढाई, नोव्हेंबर १९१५ ची टेसिफॉनची लढाई, ७ डिसेंबर १९१५ ला कूतला पडलेला वेढा आणि २९ एप्रिल १९१६ ची शरणागती. त्या दिवशी सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. वेढ्यानंतर डायऱ्या तुटतात, कारण लिहिणारेच कैदी झाले. मृत्यूची तारीख १९१६ चा उत्तरार्ध किंवा १९१७ असेल आणि पलटण यांपैकी असेल, तर माणूस बहुधा कैदेत किंवा वाळवंटातल्या कूचमध्ये गेला. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांच्या याद्या इंटरनेटवर ठेवल्या आहेत, तिथे बघाच. मात्र हिंदी शिपायांची नावं त्यांत फार तुटक आहेत.

हे सगळं करूनही माणूस युद्धात गेल्याचं घरच्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि कमिशनच्या यादीत नाव मात्र नसतं, असं होतं. मग गप्प बसू नका. राहिलेलं नाव नोंदवण्यासाठी कमिशनकडे अर्ज करता येतो. कमिशनला हवं असतं ते दोन गोष्टींचं पुराव्यानिशी उत्तर: हा माणूस त्या काळात लष्करी सेवेत होता, आणि त्याचा मृत्यू सेवेत असताना, किंवा सुटल्यावर पण सेवेमुळे, ठरलेल्या तारखांच्या आत झाला. मेडलच्या कडेचा स्पष्ट फोटो, डिस्चार्ज किंवा विधवेच्या पेन्शनचा कागद, फेरफारातला वारस लागल्याचा उतारा, गावच्या पाटीचा फोटो, रेकॉर्ड ऑफिसचं ‘नष्ट केलं’ असं लेखी उत्तर, डायरीतलं त्या तारखेचं पान. मराठी आणि मोडी कागदांचं इंग्रजी भाषांतर सोबत द्या आणि प्रत्येक कागदावर तो कुठल्या कचेरीतून, कुठल्या क्रमांकाने मिळाला ते लिहा. मूळ मेडल आणि मूळ कागद पाठवू नका.